दृश्य पाहण्यासाठी तीन मिनिटं

आमच्या सहलींच्या ऑफिसात मिनिटकाकांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांना ते मिनिटकाकाच होते, अगदी मालकांनासुद्धा. कुणी विचारलं, "काका, जेवलात का?" तर ते घड्याळाकडे बघून सांगायचे, "अठरा मिनिटं झाली." थट्टा म्हणून नव्हे. त्यांना थट्टा करता यायची नाही आणि कुणी केलेली कळायचीही नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला रोज आठ तास समोर बसवायला याहून बरा माणूस मिळाला नसता.

ऑफिस म्हणजे कुलपांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत माझं टेबल, माझा फोन, माझा कागद खाणारा प्रिंटर आणि खिडकीपाशी काकांचं टेबल. मागच्या खोलीत काचेच्या दारामागे मालक. आम्ही खेड्यापाड्यांतली देवळं आणि किल्ले दाखवायच्या दोन-दोन दिवसांच्या सहली काढायचो. सहलीचा आराखडा काका हाताने लिहायचे आणि मी टाईप करायचे. सव्वासहाला बस हलणार, आठ वाजून पाच मिनिटांनी पहिलं देऊळ, चपला काढायला चार मिनिटं, घालायला सहा. "घालायला जास्त का हो?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आपल्या कुठल्या ते शोधावं लागतं." मी हात टेकले आणि टाईप केलं.

हे आकडे ते कुठल्या पुस्तकातून घेत नसत, मनाचेही लिहीत नसत. कोणतीही सहल निघायच्या आधी एका रविवारी ते स्वतः ती वाट चालून यायचे, आणि चालून यायचे ते काकूंना घेऊन. ही त्यांची पद्धत होती आणि तीस वर्षांत त्यांनी ती एकदाही मोडली नव्हती. काकू पुढे चालायच्या, काका दहा पावलं मागे, एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात वही. काकूंनी मुळीच घाई करायची नाही, नेहमीच्या चालीने चालायचं. जिथे त्या थांबतील तिथे सहल थांबणार. काकूंना चाळीस मिनिटं लागली, तर चाळीस लिहायची. "ती चालेल तसं कुणीही चालू शकतं," असं ते सांगायचे. आणि ते खरंच होतं. आमच्या सहलीत कधी कुणी मागे राहिलं नाही, कुणाची बस चुकली नाही. मालकही मोठ्या तोऱ्यात गिऱ्हाइकांना सांगायचे, आमचा आराखडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या रेघेची पहिली तक्रार आमच्या ड्रायव्हरनं आणली. हा माणूस वीस वर्षं आमची बस चालवतोय, काकांना गुरू मानतो आणि माझ्याशी रोज भांडतो. एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, एक विचारू? काका हल्ली बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय?"

"नाही, म्हणजे, मोठ्या किल्ल्यावर मागच्या सहलीला पाच ठिकाणी थांबायला लिहिलं होतं. 'दृश्य पाहण्यासाठी तीन मिनिटं.' गाईडनं कागद बघून माणसं थांबवली. ताई, तिथं काही नाहीच."

"काही नाही म्हणजे?"

"भिंत आहे. दोन्ही बाजूंना भिंत. बत्तीस माणसं तीन मिनिटं भिंतीकडं बघत उभी. एक आजोबा गाईडला विचारायला लागले, यात नेमकं बघायचं काय? आणि वर पोचून उतरले तरी वेळ उरला. बसमध्ये पाऊण तास बसवून ठेवली मी सगळ्यांना. कागदात लिहिलंय तेव्हाच निघायचं ना!"

मी हसले. चांगली मोठ्यांदा हसले, हे मी लपवणार नाही. बत्तीस माणसं भिंतीकडे बघत उभी आहेत हे चित्रच तसं होतं. ड्रायव्हर हसला नाही.

तीच तक्रार पत्राने मालकांकडेही आली. तेव्हा निवृत्त शिक्षकांची एक सहल ठरत होती, पहिल्या दिवशी तीन देवळं आणि दुसऱ्या दिवशी लहान किल्ला, मग मोठा किल्ला. मालकांनी मला आत बोलावलं आणि मोठ्या किल्ल्याचे जुने आराखडे काढायला सांगितले. कपाटातून धुळीसकट चार फाइली निघाल्या. त्या चारही मीच टाईप केलेल्या होत्या, वेगवेगळ्या वर्षी, आणि टाईप करताना माझं डोकं कधीच कामात नसल्यामुळे मला त्यातलं काही आठवत नव्हतं. आता चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

आठ वर्षांपूर्वी चढण चाळीस मिनिटं, थांबे नाहीत. पाच वर्षांपूर्वी शेहेचाळीस, एक थांबा, 'दृश्य पाहण्यासाठी दोन मिनिटं'. तीन वर्षांपूर्वी अठ्ठावन्न, तीन थांबे. आणि मागच्या सहलीला शहात्तर, पाच थांबे.

किल्ला तोच, पायऱ्या त्याच, काकूही त्याच.

दुपारचे बारा वाजले होते, खाली दुकानदार किल्ली घासत होता, बाहेर रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती, आणि मी त्या चार कागदांकडे बघत बसले. त्या भिंतीपाशी कुणी काही बघत नव्हतं. तिथे एक बाई भिंतीला हात टेकून श्वास घेत होती आणि मागे दहा पावलांवर तिचा नवरा घड्याळ बघत होता. "थांबा हो, जरा बघू द्या," असं ती म्हणाली असणार. त्याने वहीत लिहिलं, दृश्य. तो मागून चालतो, त्याला पाठ दिसते, तोंड दिसत नाही.

मी मालकांना काही बोलले नाही. त्यांनी आकडे बघितले आणि त्यांना वेगळंच दिसलं. काकांना आत बोलावून दार न लावताच म्हणाले, "काका, चाळीसचे शहात्तर? लोक भिंती बघायला येतात का आपल्याकडे? या रविवारी जाऊन या आणि नीट आकडा आणा. पुन्हा ऐंशी-बिऐंशी मिनिटं आणलीत, तर मात्र मला दुसरी सोय बघावी लागेल. माझा भाचा मोबाइलवर अर्ध्या तासात सहल आखून देतो."

काका बाहेर आले, खुर्चीत बसले आणि पेनाचं टोपण लावून काढून पुन्हा लावलं. तीस वर्षांत त्यांना कुणी आकड्यावरून बोललं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला नाही वाटत की काकू थकल्यात?"

"पायऱ्या झिजल्यात," ते म्हणाले. "दगडालाही वय असतं. पाय नीट ठरत नाही, वेळ लागणारच."

"पण लोक तर भराभर चढून जातायत."

"धसमुसळेपणा करतात. एक दिवस पडतील. तू चढली आहेस का कधी तो किल्ला?"

मी नव्हते चढले. दोनशे सहली टाईप केल्या, एकीलाही गेले नाही. पण हे असं ऐकून घ्यायची मला सवय नाही. मी चार कागद त्यांच्यापुढे आपटले आणि म्हटलं, "बघा तरी." त्यांनी बघितले. बराच वेळ बघितले. मग म्हणाले, "टायपिंगमध्ये चूक नाही. बरोबर आहेत सगळे," आणि कागद सरळ करून परत दिले. मला त्यांचा इतका संताप आला की मी उरलेला दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्या घरी गेले. काका ऑफिसात होते. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला लागून एक लाकडी स्टूल होतं, त्यावर घडी केलेलं जुनं पांघरूण. कुणीतरी तिथे रोज बसत होतं. वर पोचेपर्यंत मला धाप लागली नाही आणि त्याची उगाच लाज वाटली.

दार उघडायला काकूंना वेळ लागला. गोऱ्या, ठेंगण्या, हसऱ्या बाई. पण ओठ निळसर दिसत होते आणि पावलं सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आली होती. स्वयंपाकघरात ओट्यासमोर खुर्ची होती. बसून भाजी चिरत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अगं, तू? हे बरे आहेत ना?" हा प्रश्न ऐकून मला रडू की हसू कळेना.

"ते ठणठणीत आहेत. तुमचं बोला. छातीत दुखतं ना?"

"वय झालं की काहीतरी दुखायचंच."

"काकांना सांगितलंत?"

"त्यांना सांगून काय होणार? वहीत लिहितील," असं म्हणून त्या हसल्या. मग चिरायचं थांबवून म्हणाल्या, "हे बघ, एरवी आम्ही दोघं कुठे म्हणून जात नाही. ते बोलत नाहीत, मी एकटीच बडबडते. वर्षातले ते चार-सहा रविवार. मी पुढे चालते, ते मागे. मागे वळून बघायची गरज नसते, कारण ते असतातच. मी नाही म्हटलं, तर ते एकटे जातील? मुळीच नाही जाणार. मग ते करतील काय?"

मी मुकाट्याने ऐकायला हवं होतं. उठून त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, किंवा सरळ काकांना फोन करून ओरडायला हवं होतं. पण माझा राग नाकाच्या शेंड्यावर, आणि मला वाटलं बाईला चांगलं घाबरवलं की ती रविवारी जायचं नाव काढणार नाही. म्हणून मी म्हटलं, "तुमच्या या दृश्यांपायी काकांची नोकरी जायची वेळ आलीय, माहीत आहे का? मालकांनी बजावलंय. लोक त्या भिंतीसमोर उभे राहून हसतात. तुम्ही नाही गेलात तर निदान ते जुना आकडा तरी लिहितील!"

काकूंचं हसू मावळलं.

"लोक हसतात?"

"हो."

"आणि पूर्वी किती लागायची गं? ते घरी कधी आकडा सांगत नाहीत."

"चाळीस."

"चाळीस," त्या म्हणाल्या. "आणि आता?"

"शहात्तर."

त्यांनी सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. हे सगळं फार सावकाश केलं. मग माझ्यापुढे चहाचा कप ठेवून म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. सोमवारी डॉक्टरकडे जाते. शब्द देते तुला. पण तू यांना काही बोलू नकोस, एवढं माझ्यासाठी कर."

मी कबूल केलं. जिना उतरताना मला अगदी मोकळं वाटत होतं. वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं. सोमवारीच का, रविवारचं काय, हे विचारायचं मला सुचलं नाही. शनिवारी काकांनी नेहमीप्रमाणे वहीत नवं पान उघडून रेघा मारल्या, घड्याळाला चावी दिली आणि ड्रायव्हरला पहाटे साडेपाचची वेळ दिली. "काकू येणार?" मी विचारलं. "येणार म्हणजे काय," ते म्हणाले, "या वेळी तिलाच घाई आहे." सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण शब्द दिला होता ना! मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा नको तिथे गप्प बसले.

पुढचं ड्रायव्हरनं सांगितलं. देवळं आणि लहान किल्ला काकांनी आधीच्या रविवारी उरकले होते, फक्त मोठा किल्ला राहिला होता. सकाळी साडेआठला तो पायथ्याशी गाडी लावून बॉनेटला टेकून उभा होता. खालून निम्मीच वाट दिसते, आणि मग एकदम वरचा दरवाजा. त्याने बघितलं, काकू पुढे आणि काका मागे, नेहमीसारखे. पण पहिल्या वळणावर, जिथे थांबायचं होतं, तिथे काकू थांबल्या नाहीत. दुसऱ्या वळणावरही थांबल्या नाहीत. "ताई, मला आधी बरं वाटलं," तो म्हणाला. "म्हटलं, काकूंना काहीतरी औषध लागू पडलं." मग दोघं भिंतीआड गेले. सव्वानऊच्या सुमारास वरच्या दरवाजात काका एकटे दिसले. ते हात हलवत होते. ओरडतही होते, पण त्यांना ओरडायची सवय नाही, आवाज खालपर्यंत पोचत नव्हता. ड्रायव्हर धावत वर गेला. काकू दरवाजाच्या आतल्या कट्ट्यावर बसल्या होत्या, डोकं दगडाला टेकलेलं. तोपर्यंत श्वास चालू होता. पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना खाली आणलं. निम्म्या वाटेतच संपलं होतं, पण खाली येईपर्यंत कुणी ते बोललं नाही. काका खुर्चीच्या पुढे चालत होते आणि दर दोन पायऱ्यांनी मागे वळून बघत होते.

ऑफिसातले सगळे जाऊन भेटून आले. मीही गेले, सगळ्यांच्या मागे उभी राहिले आणि सगळ्यांच्या आधी निघाले. दुसऱ्या मजल्यावर ते स्टूल तसंच होतं. शिक्षकांची सहल मालकांनी महिनाभर पुढे ढकलली. माणूस तसा वाईट नाही.

तीन आठवड्यांनी काका कामावर आले. बरोबर नऊ वाजता. दाढी केलेली, शर्ट कुणी इस्त्री न केलेला. मी म्हटलं, "काका, अजून थोडे दिवस थांबायचं होतं." ते म्हणाले, "शिक्षकांची तारीख जवळ आलीय," आणि वही उघडून आराखडा लिहायला बसले. सकाळभर लिहीत होते. मी दोन फोन चुकीचे जोडले आणि एक पत्र तीनदा टाईप केलं. साडेबाराला ते उठून माझ्या टेबलाशी आले आणि कागद पुढे ठेवला. सव्वासहाला बस हलणार. पहिलं देऊळ, दुसरं देऊळ, तिसरं. चपला काढायला चार मिनिटं, घालायला सहा. लहान किल्ला चढण पंचवीस. मोठा किल्ला, पायथ्याशी आठ पस्तीस, आणि त्यापुढे चढणीचा खाना कोरा.

"काका, हा राहिलाय."

ते माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. तीस वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते, ती गिऱ्हाइकांची खुर्ची.

"एक्केचाळीस लागली," ते म्हणाले. "एकदाही थांबली नाही. मी मागून म्हटलं, अगं, आज काय लगीनघाई आहे? तर म्हणाली, तुम्ही बोलू नका, घड्याळ बघा." त्यांनी कागदाची कड सरळ केली. "मी घड्याळ बघितलं. वर पोचल्यावर तिला सांगितलं, एक्केचाळीस. तर ती म्हणाली, एकाने चुकलं."

मी उगाच प्रिंटरमधला कागद ओढून काढला.

"तिला चाळीसचा आकडा माहीत नव्हता," ते म्हणाले. "घरी मी आकडे सांगत नाही. तिला कुणीतरी जाऊन सांगितलंय." त्यांनी काचेच्या दाराकडे बघितलं. मालक आत फोनवर बोलत होते, हसत होते. काका उठले. या माणसाने कधी कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता, आणि आता तो काचेच्या दाराकडे निघाला होता. मी गप्प राहिले असते, तर सगळं मालकांच्या माथी गेलं असतं आणि ते आयुष्यभर तिथेच राहिलं असतं. तसं व्हावं असं मला वाटलं. खरं सांगते, दोन-चार पावलं मला तसंच वाटलं.

"मालकांनी नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं."

ते वळले नाहीत. दाराच्या मुठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"कधी?"

"गुरुवारी. घरी जाऊन. त्यांनी जाऊ नये म्हणून सांगितलं, काका. त्या घाबरून घरी बसतील, असं मला वाटलं होतं."

काका परत आले आणि त्याच खुर्चीत बसले. रागावले असते, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्यापुढचा कागद आपल्याकडे ओढला, खिशातलं पेन काढलं, टोपण काढून बाजूला ठेवलं आणि पेनाचं टोक त्या कोऱ्या खान्यावर टेकवलं. आज पहिल्यांदाच ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मग तूच सांग," ते म्हणाले. "इथे किती लिहू?"

आतून मालकांनी हाक मारली, आराखडा झाला का म्हणून. कोऱ्या खान्यात पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका पसरत होता.